दोन मतपत्रिकांपासून चार बटणांपर्यंत

निवडणूक लागली की सोलापुरात चहाच्या टपरीवर एक वाक्य हमखास ऐकू येतं : "आपल्याकडं लोक डोक्यानं मत देतच नाहीत, डोळ्यात पाणी आणलं की झालं." बोलणारा स्वतःला त्यातून वगळतो, हे सांगायला नको. तक्रार जुनी वाटते, म्हणून पहिल्या निवडणुकीपर्यंत मागं जाऊन पाहिलं, तर तिथलं चित्र जरा निराळंच निघतं.

१९५२ साली लोकसभेच्या ४८९ जागांपैकी ३६४ काँग्रेसनं घेतल्या. सोलापूर तेव्हा द्विसदस्य मतदारसंघ होता. इथून निवडून गेले शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे आणि बाबासाहेब आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे पां. ना. राजभोज. दोघंही विरोधी बाकांवरचे. त्याच निवडणुकीत खुद्द बाबासाहेब मुंबईत पडले. फेडरेशनला देशभरात लोकसभेच्या दोनच जागा मिळाल्या आणि त्यातली एक सोलापूरची होती.

त्या वेळी मत कसं द्यायचं, तेही पाहण्यासारखं आहे. देशातले ८५ टक्क्यांच्या आसपास मतदार निरक्षर, म्हणून कागदावर शिक्का मारायची भानगडच नव्हती. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि पेटीवर त्याचं चिन्ह. द्विसदस्य मतदारसंघात माणशी दोन मतं आणि दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. आपल्या लाडक्याच्या पेटीत एक मत टाकून झालं तरी हातात दुसरं उरायचंच. ते कुणाला द्यायचं, याचा हिशेब सही न येणाऱ्या माणसालाही करावा लागला. हे मतदारसंघ १९६१ च्या कायद्यानं गेले. मला त्या दुसऱ्या मताचं फार कौतुक वाटतं. पहिलं प्रेमानं दिलं असेल, पण दुसऱ्यासाठी थोडा तरी विचार करावा लागला असणार.

भावनेला कमी लेखायचं कारण नाही. हे शहर भावनेवरच उभं राहिलं. ६ एप्रिल १९३० ला इथल्या नगरपालिकेवर राष्ट्रीय झेंडा चढला. मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर गोळीबार झाला, पोलीस शहर सोडून गेले, मग मार्शल लॉ आला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांशी आजही मिरवणुका थांबतात. पण त्या मे महिन्यातल्या एका गोष्टीची आठवण कमी निघते. पोलीस नसलेल्या त्या तीन-चार दिवसांत शहराची व्यवस्था स्वयंसेवकांनी पाहिली. घोषणा देणं आणि चौकात उभं राहून रहदारी सांभाळणं, दोन्ही कामं त्याच माणसांनी केली.

त्या काळात मताचा हक्क मात्र मोजक्यांनाच होता. जमीन, कर, शिक्षण यांपैकी काहीतरी दाखवावं लागे, त्यामुळं कापड गिरणीत साचा, म्हणजे माग, चालवणारे बहुतेक जण यादीबाहेरच. संविधानानं ती अट काढली आणि फक्त २१ वर्षं वय ठेवलं, पुढं १९८९ पासून १८. हक्क देताना धोकाही सांगितला होता. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेब म्हणाले की धर्मात भक्ती मुक्तीकडे नेत असेल, पण राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. याच बाबासाहेबांना जानेवारी १९३८ मध्ये सोलापूर नगरपालिकेनं मानपत्र दिलं होतं.

भक्ती आणि विश्वास यांतला फरक जिल्ह्यातच पाहायचा तर सांगोला आहे. गणपतराव देशमुख १९६२ पासून तिथून ११ वेळा आमदार झाले. एसटीनं फिरणारा, दुष्काळी तालुक्याच्या पाण्यासाठी भांडणारा माणूस. लोक याला व्यक्तिपूजा म्हणतील. पण त्याच सांगोल्यानं त्यांना १९७२ मध्ये पाडलं, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आणलं, १९९५ मध्ये पुन्हा पाडलं आणि १९९९ मध्ये पुन्हा निवडून दिलं. भक्त देवाला असं घरी बसवून परत बोलवत नाहीत.

कायद्यानं आपल्या बाजूनं बरंच केलं आहे. निवडणुकीतल्या लाचेचा गुन्हा १९२० सालीच दंडसंहितेत आला, आणि तेव्हापासून देणाऱ्याइतकाच घेणाराही गुन्हेगार आहे. मतदानाच्या आदल्या रात्रीच्या 'लक्ष्मीदर्शना'वर हसताना ही दुसरी बाजू आपण सोयीनं विसरतो. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानं धर्म, जात, भाषा यांच्या नावानं मत मागणं भ्रष्ट आचार ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळं उमेदवाराला गुन्हे, मालमत्ता, शिक्षण शपथपत्रावर लिहून द्यावं लागतं. २०१३ मध्ये 'नोटा' आला. मागणाऱ्यावर बंधनं घालता येतात, पण शपथपत्र वाचायची सक्ती मतदारावर कोण करणार?

शहराच्या पूर्व भागात बिडी वळणाऱ्या बाया पाहिल्यात का? भिजवलेलं तेंदूपान उजेडाकडं धरतात, शीर जाड असलेलं, भोक पडलेलं बाजूला टाकतात, मग कात्री. मजुरी हजार बिड्यांवर असते आणि कारखान्यात वाईट बिड्या छाटल्या जातात, म्हणून पान निवडण्यात चूक परवडत नाही. हीच नजर उमेदवारावर फिरली तर अर्ध्या पॅनेलची छाट निघेल. आणि हे फक्त त्यांच्याबद्दल म्हणत नाही. बँकेत मुदत ठेवीचा दर दोन ठिकाणी विचारणारे आम्ही पांढरपेशेही मतदानाला जाताना जात, गल्ली आणि कालचा व्हॉट्सअ‍ॅप घेऊनच जातो.

सगळ्यात अवघड परीक्षा पाण्याची. शहराला पाणी देणारं उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. साठा ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), पण त्यातला सुमारे ६३ टीएमसी मृत, म्हणजे टक्केवारीत न धरला जाणारा तळाचा साठा. म्हणून उन्हाळ्यात पेपरात 'उणे' टक्के छापून येतात. धरण शहरापासून शंभराहून जास्त किलोमीटर लांब. वर्षानुवर्षं पाणी भीमेत सोडून बंधाऱ्यात अडवायचं आणि तिथून उचलायचं, त्यामुळं शहर पितं त्याच्या कितीतरी पट पाणी नदीत सोडावं लागायचं. त्याच धरणावर ऊस उभा आहे, आणि जिल्ह्यात तीसहून अधिक साखर कारखाने. शहरात चार-पाच दिवसांआड नळ येतो, घराघरात निळे बॅरल ओळीनं उभे असतात. अशात 'रोज पाणी' म्हणणाऱ्याला टाळ्या पडतात. उसाचं क्षेत्र, गळती, टाक्यांची क्षमता आणि पाणीपट्टीची थकबाकी एका दमात मांडणाऱ्या उमेदवाराची सभा तुम्ही शेवटची कधी ऐकली? तो उभा राहत नाही, कारण आपण त्याला पाडू हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि जवळजवळ चार वर्षं प्रशासकानं कारभार पाहिला. नगरसेवक नाही म्हणून गटार तुंबलं की फोन कुणाला करायचा, हा प्रश्न तेव्हा खरोखर पडला. जानेवारी २०२६ मध्ये मतदान झालं, तेही बहुसदस्य प्रभागाचं. एका मतदाराला एकापेक्षा जास्त मतं, बहुतेक ठिकाणी चार. १९५२ चं दुसरं मत वेगळ्या रूपात परत आलं म्हणा. ओळखीच्या चिन्हासमोरचं पहिलं बटण झटक्यात दाबलं जातं. सगळी मतं दिल्याशिवाय यंत्र वाजत नाही, मग पडद्याआड शांतता पसरते आणि टेबलावरचा कर्मचारी मान न वळवता म्हणतो, "मावशी, अजून तीन राहिलीत."