खाज, पांढरा डाग आणि न तपासलेली जागा

माझी मावशी सहा वर्षं रात्री खाजवत होती. कुठे ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, कारण ती सांगायचीच नाही, फक्त झोप होत नाही म्हणायची. पाळी जाऊन चारेक वर्षं झाली होती, शुगर नाही, बाकी तब्येत ठणठणीत. मधल्या काळात तिने दोन डॉक्टरांना सांगितलं होतं, "खाली खूप खाज येते", आणि दोघांनीही ते फक्त ऐकून फंगल आहे म्हणून मलम लिहून दिलं. तपासलं कोणीच नाही. तिलाही दाखवायचं नव्हतं हे पण खरं. शेवटी एका स्किनच्या डॉक्टर बाईंनी तिला टेबलवर झोपवून, लाइट लावून नीट पाहिलं आणि दोन मिनिटांत विचारलं, "काकू, हे पांढरं किती वर्षांपासून आहे?" मावशीला पांढरं काही आहे हेच माहीत नव्हतं.

आजाराचं नाव लायकेन स्क्लेरोसस. लायकेन म्हणजे आपण गोड्या मसाल्यात घालतो ते दगडफूल, खडकावर चिकटून वाढणारं. कातडीवरचे चट्टे पण तसेच चिकटल्यासारखे दिसतात म्हणून जुन्या डॉक्टरांनी हे नाव कातडीच्या कितीतरी आजारांना देऊन टाकलं. स्क्लेरोसस म्हणजे कडक, घट्ट झालेलं. पॅरिसचे डॉक्टर हालोपो यांनी 1887 मध्ये याचं वर्णन केलं, त्याच्या दोन वर्षं आधी ब्राइस्की यांनी बायकांच्या जननांगाची कातडी आक्रसून जाते असं लिहून त्याला वेगळंच नाव दिलं होतं, म्हणजे एकच आजार आणि नावं अनेक. हा गोंधळ पुढे बरीच वर्षं चालला. 1976 मध्ये या विषयातल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने लायकेन स्क्लेरोसस हे एकच नाव ठरवलं.

हा संसर्ग नाही, कुणाकडून लागत नाही, कुणाला लावता येत नाही, आणि स्वच्छतेशी याचा काही संबंध नाही (हे मुद्दाम लिहितेय, कारण कितीतरी बायका या खाजेपायी तिथे डेटॉल आणि साबण लावून कातडी अजून खराब करून घेतात). शरीराची स्वतःची रोगप्रतिकारशक्ती तिथल्या कातडीवर उलटते असं आज मानलं जातं. अशा बायकांमध्ये थायरॉइडचा त्रास जास्त आढळतो, आणि 2003 मध्ये अशा रुग्णांच्या रक्तात कातडीतल्या ईसीएम-1 नावाच्या प्रोटीनविरुद्ध अँटीबॉडीज सापडल्या होत्या. पण रक्त तपासून हा आजार सांगता येईल अशी टेस्ट नाही. सोनोग्राफीतही काही दिसत नाही. हा आजार डोळ्यांनी ओळखायचा, आणि तिथेच सगळं अडतं.

डोळ्यांना काय दिसतं? चिनी मातीच्या कपासारखी पांढरी, थोडी चमकणारी कातडी. ती पातळ असते आणि दोन बोटांनी हलकेच चिमटीत धरली की पतंगाच्या कागदासारखी चुरगळते. ही पांढरी पट्टी योनीच्या बाहेरच्या भागापासून गुदद्वाराभोवतीपर्यंत जाते, पूर्ण पसरली की इंग्रजी आठचा आकार दिसतो. मध्ये मध्ये खाजवून झालेल्या चिरा, रक्त साकळल्याचे लाल-जांभळे ठिपके. जुना आजार असेल तर योनीचे आतले छोटे ओठ बाजूच्या कातडीला चिकटून सपाट झालेले असतात, वरचा क्लिटोरिस (शिश्निका) कातडीखाली झाकला गेलेला असतो, योनीचं तोंड अरुंद झालेलं असतं. म्हणूनच संबंध दुखतात, तिथे लघवीचा स्पर्श झाला की आग होते. योनीचा आतला भाग मात्र सहसा या आजारातून वाचतो, आणि निदान करताना ही खूण फार कामाची आहे.

कारण असे पांढरे किंवा खाजणारे आजार आणखीही आहेत. कोड घ्या. आपल्या सावळ्या कातडीवर पांढरं काही दिसलं की घरचे आधी कोडच म्हणतात. पण कोडात फक्त रंग जातो, कातडीचा पोत तसाच राहतो, चुरगळत नाही, चिरत नाही, आणि सहसा खाजही नसते. लायकेन प्लेनस नावाचा एक भाऊबंद आहे, त्यात लालभडक सोललेले भाग आणि कडेला पांढऱ्या जाळीसारख्या रेघा असतात, तो योनीच्या आत पण जातो आणि तोंडातही सापडतो, त्यामुळे हुशार डॉक्टर खालची तक्रार ऐकून गालाची आतली बाजूही बघतात. नुसतं खाजवून खाजवून कातडी चामड्यासारखी जाड होते तो आणखी एक प्रकार. आणि फंगस, म्हणजे कॅन्डिडा. त्यात लाली असते, दह्यासारखं पांढरं पाणी जातं, स्लाइडवर मायक्रोस्कोपखाली फंगस दिसतो. पाळी गेल्यानंतर, शुगर नसताना, हॉर्मोनच्या गोळ्या चालू नसताना वारंवार कॅन्डिडा होणं हे कमी असतं. म्हणजे माझ्या मावशीच्या वयात "परत फंगल झालं" हे वाक्य तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हाच कुणीतरी थांबायला हवं होतं.

पण थांबले नाहीत, आणि याचं एक कारण मला नंतर कळलं तेव्हा खरंच राग आला. मेडिकलमधून मिळणारी जी "थ्री इन वन" क्रीमं असतात ना, त्यात फंगसचं औषध, अँटिबायोटिक आणि सोबत स्टिरॉइड असतं, बऱ्याचदा क्लोबेटासोल, म्हणजे लायकेन स्क्लेरोससवर जे औषध पद्धतशीर देतात नेमकं तेच. मग होतं काय, ट्यूब लावली की चार दिवसांत खाज थांबते, बाई म्हणते फंगसच होता बघा, ट्यूब बंद, महिन्याभरात खाज परत, परत तीच ट्यूब. बरं वाटलं याचा अर्थ निदान बरोबर होतं असा होत नाही. बरं स्टिरॉइडने वाटलं होतं, आणि पांढरी पट्टी मात्र दरवेळी थोडी थोडी पुढे सरकत होती.

बायोप्सी लागतेच का? नाही. चित्र स्पष्ट असेल तर अनुभवी डॉक्टर नजरेनेच निदान करून उपचार चालू करतात, लहान मुलींमध्ये तर शक्यतो टाळतातच. पण शंका असेल, औषधाने फरक पडत नसेल, किंवा एखादी जागा जाड, टणक, न भरणाऱ्या जखमेसारखी दिसत असेल तर करायलाच हवी. बायोप्सी हा शब्द ऐकून मावशी रडायला लागली होती. प्रत्यक्षात सुन्न करायचं इंजेक्शन आणि चार मिलिमीटरचा, म्हणजे साधारण हरभऱ्याच्या डाळीएवढा तुकडा. लॅबमध्ये त्याची पातळ चकती रंगवून बघतात. वरचं आवरण झिजून पातळ झालेलं, त्याखाली काचेसारखा एकसारखा गुलाबी पट्टा कारण तिथलं कोलॅजन (कातडीला बळकटी देणारं प्रोटीन) वितळून एकजीव झाल्यासारखं दिसतं, आणि त्याच्याही खाली लिम्फोसाइट म्हणजे रोगप्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींची रांग. हे तीन थर दिसले की प्रश्न मिटतो. पण आधी कित्येक आठवडे ते स्टिरॉइडचं क्रीम फासलेलं असेल तर हेच थर पुसट होतात आणि रिपोर्टमध्ये "विशिष्ट निष्कर्ष नाही" असं येतं, म्हणून कुठलं मलम किती दिवस लावलं हे डॉक्टरांना खरं सांगायचं, जमलं तर जुन्या ट्यूबाच घेऊन जायच्या.

लहान मुलींबद्दल थोडं. पाळी सुरू व्हायच्या आधीच्या वयातही हा आजार होतो. मुलगी शी धरून ठेवते कारण तिथल्या चिरा दुखतात, आणि आई बद्धकोष्ठाचं औषध देत राहते. ते रक्ताचे ठिपके बघून कुणीतरी लैंगिक अत्याचार झाला असंही समजू शकतं. अशा शंकेकडे दुर्लक्ष कधीच करायचं नाही, पण तपासणाऱ्याला हा आजार माहीत असणं फार गरजेचं आहे.

पुरुषांनाही होतो, बायकांपेक्षा कमी. लिंगाची पुढची कातडी घट्ट होते, टोकाला पांढरी कडी दिसते, मागे सरकत नाही. तिथे सुंता हा मोठा उपाय आहे, फक्त कापलेली कातडी फेकून न देता तपासायला पाठवावी. आजार मूत्रमार्गात शिरला तर लघवीची धार बारीक होत जाते. पुण्याचे डॉ. संजय कुलकर्णी यांनी इटलीच्या सहकाऱ्यांसोबत 2009 मध्ये अशा 215 रुग्णांच्या ऑपरेशनचा अनुभव प्रसिद्ध केला होता. अशा वेळी नवा मूत्रमार्ग करायला गालाच्या आतली त्वचा वापरतात, कारण जननांगाची कातडी आजारीच असते, तीच परत वापरली तर आजार तिथेही येतो.

आता निदानाची एवढी घाई का. एक तर चिकटलेलं, आक्रसलेलं परत पहिल्यासारखं होत नाही. दुसरं, थोड्या बायकांमध्ये या कातडीवर कॅन्सर होतो. सिडनीच्या डॉक्टरांनी 507 बायकांना कित्येक वर्षं फॉलो करून 2015 मध्ये निकाल छापले, ज्या बायका औषध नियमित लावत होत्या त्यांच्यात कॅन्सर किंवा त्याच्या आधीची अवस्था एकीलाही झाली नाही, आणि ज्या अर्धवट लावत होत्या त्यांच्यात 4.7 टक्क्यांना झाली. औषध काय, तर तेच क्लोबेटासोलचं ऑइंटमेंट, पण एकटं, मोजून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. साधारण एक महिना रोज, मग एक महिना दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा, आणि पुढे कातडी बघून ठरवायचं.

या ऑइंटमेंटच्या खोक्यातल्या कागदावर "जननांगावर वापरू नये" असं छापलेलं होतं, ते वाचून मावशीने दुसऱ्याच दिवशी बंद केलं होतं. डॉक्टर बाईंनी परत बोलावलं, हातात आरसा दिला, पांढरं कुठे आहे ते तिचं तिला दाखवलं आणि बोटाच्या पेरावर किती घ्यायचं तेही दाखवलं. साठीत पहिल्यांदा तिने स्वतःला असं पाहिलं. आता स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर सोमवार आणि गुरुवारी पेन्सिलीने बारीक टिंब असतं, आणि दर सहा महिन्यांनी एका तारखेला गोल.