दिसते मराठी, वाचते भलतेच : सुगम संकेतस्थळांची पार्श्वभूमी

कोकणातल्या होमस्टेवाल्यांची, हापूस घरपोच पाठवणाऱ्या बागायतदारांची, ग्रामपंचायतींची संकेतस्थळे आता सर्रास दिसतात. अंध, अधू दृष्टीच्या किंवा माउस न धरता येणाऱ्या माणसाला त्यांतली किती वापरता येतात, असा विषय निघाला की बोट कायद्याकडे जाते. कायद्याची अंमलबजावणी ढिली आहेच. पण मराठीपुरते दुखणे त्याहून जुने आहे. आपला मजकूर संगणकाच्या लेखी बराच काळ मजकूर नव्हताच.

नव्वदच्या दशकात जिल्ह्याच्या गावी डीटीपी, म्हणजे संगणकावरची छपाईची जुळणी, पोहोचली ती श्रीलिपी, कृतीदेव यांसारख्या फॉन्टांसह. फाइलमध्ये साठायचे इंग्रजी अक्षरांचे संकेत, पडद्यावर उमटायचे देवनागरी आकार. कृतीदेवमध्ये ‘कोकण’ टाइप केले की आत जाते डी, के, एस, डी, टिंब, के. डोळ्यांना ‘कोकण’ दिसते. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, म्हणजे स्क्रीन रीडर, मात्र साठवलेले तेच बडबडतो. त्यातून ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवलेली, म्हणजे शोधही फसायचा. वास्तविक भारतीय लिप्यांतल्या अक्षरांना स्वतःचे संकेत देणारे इस्की हे भारतीय प्रमाण (आयएस १३१९४) १९९१चे, आणि जगभरच्या लिप्यांसाठी तेच काम करणाऱ्या युनिकोडच्या त्याच वर्षीच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीही होती. पण छापखान्याला कागदावर चांगले उमटण्याशी मतलब, आणि विंडोजमध्ये देवनागरीची सोय आली ती २०००च्या आवृत्तीपासून.

तोवर बाहेर नियम तयार होत होते. वेबची प्रमाणे ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने १९९७ मध्ये सुगमतेचा, म्हणजे दिव्यांगांनाही संकेतस्थळे वापरता यावीत यासाठीचा, स्वतंत्र उपक्रम काढला, १९९९ मध्ये पहिली मार्गदर्शक तत्त्वे दिली. पुढच्या आवृत्त्या २००८, २०१८ आणि २०२३च्या. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर २००६चा, ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी रचलेला. भारत सरकारने आपल्या संकेतस्थळांसाठी २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याचे कलम ४२ माहिती-तंत्रज्ञानाच्या सुगमतेबद्दल आहे. कलम ४६ने सरकारी आणि खासगी दोन्ही सेवादात्यांना नियम निघाल्यापासून दोन वर्षांची मुदत दिली. खरा धक्का ३० एप्रिल २०२५चा. पापणी लवल्याशिवाय पुढे न सरकणारी ऑनलाइन ओळख-पडताळणी ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्यांना आणि अंधांना अडवते, या तक्रारीवर सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुगमता हा राज्यघटनेच्या कलम २१खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला.

युनिकोडने मजकूर मोकळा केला खरा, पण आपण तो पुन्हा चित्रात कोंडला. दवंडीच्या जागी आता जेपीजी आली. सूचना टाइप होते, छापली जाते, शिक्का बसतो, मोबाइलने फोटो निघतो आणि तोच संकेतस्थळावर चढतो. शिक्क्याचा मोह काही सुटत नाही. किनाऱ्यावर हे विशेष नडते. ३ जून २०२०ला अलिबागच्या दक्षिणेला धडकलेल्या ‘निसर्ग’सारख्या वादळात नेट रडतखडत चालते, दोन ओळींचा मजकूर पोहोचतो, मोठे चित्र फिरत राहते. हवामान खात्याच्या इशाऱ्याचे रंग चार : हिरवा, पिवळा, नारंगी, लाल. जिल्ह्यांचा रंगवलेला नकाशा तेवढा टाकला तर लाल-हिरव्यात गल्लत होणाऱ्यालाही काही कळत नाही. म्हणून ‘रत्नागिरी : लाल इशारा’ हे शब्दांत हवे, शेजारी तारीख, वेळ, वाऱ्याचा वेग आणि बोटी कुठवर नेऊ नयेत हे. चित्र ठेवायचेच तर त्याच्या पर्यायी मजकुरात, म्हणजे चित्राऐवजी स्क्रीन रीडर वाचतो त्या ओळीत, ‘नकाशा’ एवढेच लिहून भागत नाही. नकाशात जे सांगितले ते तिथे यायला हवे.

कन्सॉर्शियमच्या तत्त्वांतली मापे ठरलेली आहेत. साध्या अक्षराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट किमान ४.५ : १, मोठ्या अक्षराचा ३ : १; बटण किमान २४ × २४ पिक्सेलचे, अपवाद सोडून; २०० टक्के मोठे केले तरी काही कापले जाऊ नये. देवनागरी इथेच मार खाते. ओळीची उंची पिक्सेलमध्ये बांधली की मोठे करताना वरचा रफार आणि खालचा उकार छाटला जातो. ती अक्षराच्या दीडपट ठेवावी. इंग्रजी थीममधून आलेले अक्षरांमधले जादा अंतर शून्य करावे, नाहीतर शिरोरेषा तुटून शब्दाचे तुकडे होतात. पानाची भाषा कोडमध्ये मराठी म्हणून नोंदवावी. ती इंग्रजीच राहिली तर काही स्क्रीन रीडर इंग्रजी आवाजात अडखळतात किंवा देवनागरी गाळूनच टाकतात.

मेनूची परीक्षा सोपी आहे : माउस बाजूला ठेवून फक्त टॅब दाबत मांडवा–गेटवे बोटीच्या वेळापत्रकापर्यंत जाऊन बघावे. माउस नेल्यावरच उघडणारा उपमेनू कीबोर्डला उघडत नाही. कुठे आहोत ते दाखवणारी चौकट डिझाइनरने ‘बरी दिसत नाही’ म्हणून काढलेली असते. ‘थेट मजकुराकडे’ ही पहिली लिंक नसेल तर दर पानावर पंचवीस लिंका ओलांडाव्या लागतात. आणि वेळापत्रक खरा तक्ता असावा, शीर्षकाच्या ओळी तशा नोंदवलेल्या. म्हणजे ऐकणाऱ्याला नुसता आकडा नाही, तर ‘मांडव्याहून सुटणार’ हेही त्यासोबत कळते.

जुन्या पीडीएफचा ढीग उपसताना ओसीआरआधी, म्हणजे चित्रातली अक्षरे संगणकाकडून ओळखून घेण्याआधी, मूळ डीटीपी फाइल शोधावी. तिच्यावर त्या-त्या फॉन्टचा युनिकोड परिवर्तक चालवावा आणि मग रफार, ऱ्हस्व वेलांटी व ‘ऱ्य’ डोळ्यांखालून घालावेत. हिंदीसाठी लिहिलेल्या परिवर्तकांत ‘किनाऱ्यावर’चे ‘किनार्यावर’ होऊन बसते, आणि स्क्रीन रीडर तेच मुकाट्याने वाचतो.