बॅटरीच्या पेटीला यूएन प्रमाणपत्र : अर्ज नेमका कुठे अडतो

विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या लिथियम-आयन बॅटऱ्या धोकादायक मालाच्या वर्ग 9 मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या (यूएन) यादीतील यूएन 3480 या क्रमांकाखाली मोडतात. त्यामुळे त्या न्हावा शेवामार्गे परदेशी पाठवण्यासाठी पुन्हापुन्हा वापरायच्या प्लास्टिक पेट्या बनवणाऱ्यांना अंधेरी पूर्वेच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंगकडे पेटीच्या यूएन प्रमाणपत्रासाठी चाचणीचा अर्ज करावा लागतो. उद्यम नोंदणी, जीएसटी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती ही नेहमीचीच कागदपत्रे आहेत.

खरी अडचण यूएन 38.3 या बॅटरी सुरक्षा चाचणीच्या अहवालाची होते. हा अहवाल बॅटरीचा असतो, पेटीचा नव्हे. तो जोडला म्हणून पेटी प्रमाणित होत नाही. पेटीची चाचणी स्वतंत्र असून पॅकिंग गट 2 (मध्यम धोक्याचा माल) साठी पेटी 1.2 मीटरवरून, तीही प्लास्टिक असल्याने उणे 18 अंशांपर्यंत थंड करून पाडली जाते, आणि 3 मीटर उंच थप्पीइतका भार 24 तास तिच्यावर ठेवला जातो. चाचणीत पेटी रिकामी चालत नाही. बॅटरी उत्पादक खरा बॅटरी पॅक सहसा हातचा सोडत नाही, म्हणून तेवढ्याच वजनाचा, आकाराचा आणि गुरुत्वमध्याचा डमी पॅक बनवून घ्यावा लागतो व त्यासाठीचे माप-वजनाचे पत्रक ग्राहकाकडून ऑर्डरसोबतच लेखी मागून ठेवावे. नंतर ते मिळता मिळत नाही. आतला फोम किंवा कुलूप बदलले की डिझाइन बदलले, म्हणजे चाचणी झालेली पेटी ती राहत नाही, हेही आधी कोणी सांगत नाही.

निव्वळ वजन 400 किलोंपर्यंत असेल तर 4एच2 हा प्लास्टिक पेटीचा सांकेतांक, त्याहून जास्त असेल तर 50एच हा प्लास्टिकच्या मोठ्या पॅकेजिंगचा. अर्जात चुकीचा सांकेतांक पडला की सगळे पुन्हा. पेटीवरच्या यूएन खुणेतील वर्षाचे दोन अंक निर्मितीचे असतात, मुदत संपण्याचे नव्हेत, तरीही त्यावरून चांगल्या पेट्या बाद केल्या जातात. पुनर्वापराआधी मात्र प्रत्येक पेटी तडे आणि नुकसान पाहून तपासलीच पाहिजे.

मुळात 12 किलो किंवा त्याहून जड आणि भक्कम, आघात सोसणारे बाह्य कवच असलेल्या बॅटऱ्यांना पी903 या यूएन पॅकिंग सूचनेनुसार चाचणी न झालेल्या मजबूत बाह्य पॅकिंगचीही मुभा आहे. त्यामुळे शुल्क भरण्यापूर्वी आपल्या ग्राहकाचा पॅक त्यात बसतो का, हे पाहावे. खराब झालेल्या बॅटऱ्यांना ही मुभा लागू होत नाही. त्यांच्यासाठी पी908 ही वेगळी सूचना आहे.