सहा चाकांचं घमेलं

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते गवंड्याचं मोठं घमेलंच वाटलं होतं. ओंटारिओत आमच्या गावाबाहेर राहणाऱ्या शेजाऱ्यांच्या जुन्या गोठ्यात, गवताच्या गठ्ठ्यांमागे ते पडलं होतं. पिवळा रंग उडून खडूसारखा झालेला प्लॅस्टिकचा टब आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन गुबगुबीत टायर, त्यातले चार बसलेले. स्टिअरिंग नाही, स्प्रिंगा नाहीत, शॉकॲब्सॉर्बर नाहीत. "हे पाण्यात चालतं," शेजारी अभिमानाने म्हणाले. "चालायचं," त्यांच्या बायकोने मागून दुरुस्ती केली.

तो हिवाळा आम्ही दोघांनी दर शनिवारी त्या गोठ्यात काढला. ते निवृत्त फिटर, आयुष्यभर कारखान्यांत यंत्रं बसवलेले. मी दिवसभर संगणकापुढे बसणारा, त्यामुळे माझं मुख्य काम पाने हातात देणं आणि प्रश्न विचारणं.

या गाड्यांची जन्मभूमी म्हणजे हाच मुलूख. कॅनडात दलदल आणि तळी अमाप, आणि शिकाऱ्यांना, सर्वेक्षकांना त्यातूनच वाट काढायची असते. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला इथे 'जायगर' नावाची सहाचाकी आली आणि दशक संपेपर्यंत अमेरिका-कॅनडात अशा गाड्या बनवणाऱ्यांचं पेवच फुटलं. 'ॲम्फिकॅट', 'ॲटेक्स', 'टेरा टायगर' ही त्यातली काही नावं. आज 'एटीव्ही', म्हणजे कुठल्याही जमिनीवर चालणारी गाडी, म्हटलं की मोटारसायकलसारखी बसायची चारचाकी डोळ्यांपुढे येते, पण ते नाव आधी या सहाचाकी टबांचं होतं. १९७० साली होंडाने स्वस्त, चपळ तीनचाकी बाजारात आणली, मग तेलाचे भाव भडकले आणि बहुतेक कारखाने बंद पडले. टिकली ती 'आर्गो'. न्यू हॅम्बर्ग गावातल्या, मुळात गिअर बनवणाऱ्या कंपनीने १९६७ साली सुरू केलेली ही गाडी आजही बनते. गंमत म्हणजे ॲम्फिकॅट सत्तरच्या दशकात एका ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेत चंद्रावरची गाडी म्हणून धावली, आणि पुढे कॅनडाच्या अवकाश संस्थेसाठी चांद्रगाड्यांचे नमुने तयार करण्यात खरोखरच या आर्गोवाल्या कंपनीचा हात होता.

आता मुद्द्याची गोष्ट, टायर. या गाडीत जे जे नाही, ते सगळं काम टायरवर ढकललेलं आहे.

मोटारीच्या टायरमध्ये आपण दर चौरस इंचाला ३०-३५ पौंड हवा भरतो. इथे जेमतेम २. पेट्रोल पंपावरच्या मापकाचा काटा इतक्या हवेला जागचा हलतही नाही. आम्ही सायकलचा पंप आणि कमी दाबाचा वेगळा मापक वापरला. इतका मऊ टायर जमिनीवर पसरतो आणि जमिनीवर पडणारा दाब साधारण आतल्या हवेच्या दाबाइतकाच राहतो. २ पौंड म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १४० ग्रॅम. गाडी २०० किलोची आणि वर दोन माणसं धरली तर एकूण ३५० किलो. हा भार पेलायला सगळे टायर मिळून २,५०० चौरस सेंटिमीटर जमिनीला टेकतात, म्हणजे प्रत्येक चाकाखाली साधारण २० सेंटिमीटर लांब-रुंद ठसा. आता ७० किलोचा माणूस घ्या. त्याचे दोन्ही तळवे मिळून ४०० चौरस सेंटिमीटर धरले तर दाब येतो दर चौरस सेंटिमीटरला १७५ ग्रॅम, आणि चालताना एका पायावर भार आला की त्याच्या दुप्पट. म्हणजे जिथे माणूस घोट्यापर्यंत रुततो, तिथून ही गाडी दोन माणसं घेऊन वरच्या वर निघून जाते.

पाण्यातही हाच टायर कामाला येतो. ३५० किलोच्या गाडीला तरंगायचं तर ३५० लिटर पाणी बाजूला सारावं लागणार. आर्किमिडीजला यात घासाघीस मान्य नाही. अर्धा मीटर उंच आणि पाव मीटर रुंद टायर जवळजवळ ५० लिटर जागा व्यापतो. गोलाई आणि रिमची पोकळी वजा करून ४० धरू. सहा टायर मिळून २४० लिटर! पूर्ण बुडाले तर गाडीच्या वजनाचा दोन तृतीयांशाहून जास्त भार टायरच उचलतात, टबाच्या वाट्याला उरलेला. वर त्याच टायरांच्या खाचा वल्ह्यांसारख्या पाणी मागे लोटतात. वेग माणसाच्या रमतगमत चालण्याइतका, पण प्रोपेलरचा खर्च शून्य. भारतीय लष्कराकडची 'एटोर एन१२००' पंजाबच्या पुराच्या बातम्यांत तुम्ही पाहिली असेल. तिला चारच चाकं आहेत, पण खांद्यापर्यंत येतील एवढी. तत्त्व हेच.

वळायचं कसं, हे शेतकऱ्याला समजावावं लागत नाही. बांधाशी आलं की आतला बैल थबकतो, बाहेरचा फिरतो आणि जोडी वळते. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात तेही याचसाठी. या गाडीत दोन दांडे असतात. आमच्या गाडीत बोर्ग-वॉर्नर कंपनीचा 'टी-२०' नावाचा गिअरबॉक्स होता. डावा दांडा ओढला की आधी डाव्या बाजूची ताकद सुटते आणि आणखी ओढला की त्या बाजूच्या ढोलाभोवती पट्टा आवळला जाऊन ती तिन्ही चाकं थांबतात. उजवी बाजू ढकलत राहते आणि गाडी डावीकडे वळते. काही गिअरबॉक्सांत एक बाजू आवळली की दुसरी आणखी वेगाने पुढे फिरते.

यात एक अडचण आहे. वळताना पुढची आणि मागची चाकं आडवी घासटतात. चिखलात काही वाटत नाही, डांबरावर मात्र गाडी अक्षरशः करवादते. म्हणून काही जण मधल्या दोन टायरांत हवा किंचित जास्त ठेवतात. गाडी मधल्या चाकांवर थोडी उचलली जाते आणि त्यांच्यावर भोवऱ्यासारखी फिरते. आम्ही अर्धा पौंड जास्त भरून पाहिलं. दांडा ओढायला लागणारा जोर हाताला कळेल इतका कमी झाला.

इंजिनापासून गिअरबॉक्सपर्यंत ताकद नेतो एक रबरी पट्टा. कायनेटिक होंडा चालवलेल्यांना हा ओळखीचा वाटेल. इंजिन जोरात फिरलं की पुढच्या पुलीतली वजनं बाहेर फेकली जातात, पुलीच्या दोन तबकड्या जवळ येतात आणि पट्टा वर सरकतो. गिअर आपोआप बदलत राहतो.

तर टायरवर सगळं सोपवून गाडी स्वस्त आणि सोपी झाली. पण त्याची किंमत कुणीतरी मोजतंच, आणि ती मोजतात साखळ्या आणि बेअरिंगं. गिअरबॉक्सपासून प्रत्येक बाजूच्या तिन्ही आसांपर्यंत साखळ्या जातात. स्प्रिंगा नसल्याने प्रत्येक धक्का थेट आसावर येतो आणि वळतानाची घासट साखळीला बसते. साखळी 'ताणली' असं आपण म्हणतो, पण लोखंड ताणलं जात नाही. प्रत्येक सांध्यातली पिन आणि तिच्याभोवतीची नळी झिजते, सांध्यागणिक केसभर ढिलाई येते आणि ती साठत जाते. अर्ध्या इंचाच्या साखळीचे २४ दुवे बरोबर १२ इंच भरायला हवेत. शेजाऱ्यांनी पट्टी लावली. सव्वाबारा. दोन टक्के झीज, म्हणजे साखळी भंगारात. त्यांनी ती तशीच खिळ्याला टांगून ठेवली, "नातवाला दाखवायला".

बेअरिंगांची कथा लांबलचक आहे. नीट विचार करा, ही एक होडी आहे आणि तिच्या बुडाशी सहा भोकं पाडून त्यातून लोखंडी आस बाहेर काढलेत. प्रत्येक भोकाशी बेअरिंग आणि रबरी सील. कितीतरी वर्षं ओल धरून मागचं डावं बेअरिंग आसाला गंजून एकजीव झालं होतं. अशा वेळी बेअरिंगची आतली कडी तापवतात. पोलाद दर अंशाला दशलक्षात साधारण १२ भाग फुगतं. आस २५ मिलिमीटरचा आणि कडी त्याच्यापेक्षा १०० अंश गरम धरली, तर फट पडते फक्त ०.०३ मिलिमीटर. गंजाची पकड सोडवायला एवढं कित्येकदा पुरतं. पण तीन बोटांवर टबाचं प्लॅस्टिक, आणि ते १०० अंशांच्या आसपासच मऊ पडायला लागतं! ओली फडकी गुंडाळून दोनदा प्रयत्न केला. कडी हलली नाही, फडक्यांतून मात्र झकास वाफ निघाली. शेवटी ग्राइंडरने कडीला चीर पाडली, छिन्नी ठेवली आणि एकच घाव घातला. कडी टणकन फुटली. तो आवाज मला अजून आठवतो.

टब कुठल्या प्लॅस्टिकचा आहे हे कळल्याशिवाय त्याला हात लावू नये. या गाड्यांचे टब मुख्यतः दोन प्रकारच्या प्लॅस्टिकचे, शिवाय काही फायबरग्लासचे. एक प्लॅस्टिक एबीएस, म्हणजे लेगोच्या ठोकळ्यांचं. दुसरं एचडीपीई, म्हणजे तेलाच्या कॅनचं. ओळखायची युक्ती स्वयंपाकघरातली आहे. चाकूने नखाएवढी ढलपी काढायची, साबणाच्या पाण्यात बुडवून हवेचे बुडबुडे घालवायचे आणि पेल्यातल्या पाण्यात सोडायची. एचडीपीई पाण्यापेक्षा हलकं, ते तरंगतं. एबीएस जरासं जड, ते बुडतं. आमची ढलपी सावकाश तळाशी गेली. तरंगणाऱ्या गाडीचं प्लॅस्टिक बुडणारं निघालं.

हे आमचं नशीब. एचडीपीईच्या रेणूंना कुणाशी सलगी करायची सवयच नसते. त्यावर गोंद धरत नाही, गरम हवेने वितळवूनच सांधावं लागतं. एबीएस मात्र ॲसिटोनमध्ये विरघळतं. कॅनडात घरांच्या सांडपाण्याचे काळे पाइप बहुधा एबीएसचेच असतात. तसल्या पाइपाचा एक तुकडा किसला, बरणीत ॲसिटोन ओतलं आणि रात्रभरात काकवीसारखी काळी लापशी तयार झाली. ती भेगेत भरली की ॲसिटोन टबाच्या कडाही थोड्या विरघळवतं आणि उडून जाताना जुनं-नवं एक होऊन बसतं. त्याआधी प्रत्येक भेगेच्या टोकाला ३ मिलिमीटरचं भोक पाडलं. दुरुस्ती करताना भोकं पाडणं विचित्र वाटतं खरं, पण भेगेचं टोक जितकं अणकुचीदार तितका तिथे ताण एकवटतो आणि ती पुढे पळते. गोल भोकाला टोक नसतं. ॲसिटोनची वाफ भडका घेणारी, त्यामुळे हीटर बंद आणि दार सताड उघडं. बाहेर उणे १२ होतं.

टबाची वरची बाजू खडूसारखी का झाली होती, तेही यातूनच कळतं. एबीएसला चिवटपणा येतो तो त्यातल्या रबराच्या सूक्ष्म कणांमुळे. उन्हातले अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन आधी त्या रबरालाच खातात. मग उरतं ते कडक, ठिसूळ आवरण. आसनाखाली, जिथे ऊन कधी पोचलं नव्हतं, तिथे पिवळा रंग अजून हळदीसारखा होता.

इंजिन जर्मन होतं, 'जेएलओ'चं टू-स्ट्रोक. या नावाचा उच्चार 'इलो'. हा एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या भाषेतला शब्द, अर्थ 'अवजार'. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँकच्या पेटीत येतं. तिथलं रबरी सील वाळलं की बाहेरची हवा आत घुसते आणि मिश्रणात पेट्रोल कमी पडतं. पेट्रोलबरोबर येणारं ऑइलही कमी पडतं. पिस्टन तापतो आणि एक दिवस सिलिंडरला चिकटतो. इंजिन वरवर चालू झालं म्हणून खूश होणारे इथेच फसतात. आम्ही सगळी तोंडं बंद करून आत थोडी हवा भरली आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावलं. पंक्चरवाल्याच्या घमेल्यात उठतात तसे बुडबुडे पट्ट्याच्या बाजूच्या सीलपाशी उठले. सील स्वस्तात मिळालं. पंख्याच्या आवरणात उंदरांनी केलेलं घरटं काढायला मात्र अख्खी दुपार गेली.

एप्रिलच्या शेवटी तळ्यावरचा बर्फ गेला. काठावरून उतरताना पुढची चाकं पाण्यात गेली आणि क्षणभर गाडीचं नाक खाली झुकलं. मग मागूनही आधार सुटला आणि खडखडाट एकदम थांबला. जमिनीवर अंगाला बसणारे ते सगळे धक्के गायब, फक्त टायरांचा छपछप आवाज. मी डावा दांडा ओढला. जमिनीवर पटकन वळणारी गाडी इथे विचार करून वळल्यासारखी वळली.

तळ्याच्या मध्यावर पायाला गार लागलं. आत पाणी होतं, फार नाही, बोटभर. पण बोटभर पाणीही खोडकर असतं. गाडी जराशी डावीकडे कलली की सगळं पाणी डावीकडे धावतं आणि कल वाढवतं. म्हणून होडीतल्या माणसाला आत साचलेल्या पाण्याची इतकी धास्ती असते. शेजाऱ्यांनी कॉफीचा मग माझ्याकडे दिला आणि मी उपसायला लागलो. सोळा मग मोजले.

काठावर आल्यावर बुच काढून उरलेलं पाणी सोडलं. शेजाऱ्यांनी टॉर्च घेऊन आत डोकं घातलं. मागच्या डाव्या आसाखाली ग्रीसची पातळ, पांढुरकी रेघ ओघळली होती. सील बसवताना त्याची कड दुमडली असणार, तेच बेअरिंग, ज्याची कडी आम्ही फोडली होती. पुढच्या शनिवारी ते पुन्हा उघडायचं ठरलं. या वेळी ग्राइंडर लागणार नव्हता.