सायलेन्सरच्या टोकावरचा निळा पट्टा

मागच्या मे महिन्यात एका रविवारी, सकाळी आठलाच ऊन अंगावर येऊ लागलेले असताना, मी जळगावातल्या आमच्या गल्लीत तारेची घासणी आणि भांड्यांची पावडर घेऊन गाडीमागे बसलो होतो. सायलेन्सरचे बंपरखालून दिसणारे चकचकीत टोक तोंडापाशी काळे पडले होते, त्याच्या मागे गुळासारखा सोनेरी-तपकिरी रंग चढला होता आणि त्याही मागे जांभळट निळा पट्टा उमटला होता. अर्ध्या तासात काळा भाग निघाला. निळा मात्र रेसभरही हलला नाही. उभी हयात लेथ मशीनवर काढलेले शेजारचे नाना दूध घेऊन परत येताना क्षणभर थांबले, "हाऊ मैल नही शे, भाऊ," (हा मळ नाही) एवढेच अहिराणीत म्हणाले आणि पुढे निघून गेले.

नानांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. त्या चार बोटांच्या नळीवर तीन वेगळ्या गोष्टी एकमेकींशेजारी नांदत असतात: धातूवर बसलेली काजळी, धातूवरच वाढलेला पण अतिशय पातळ असा ऑक्साइडचा पापुद्रा, आणि धातू खाणारा गंज. तिघांचा उपाय एक नाही, आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला की नुकसान होते.

काजळीचे प्रकरण त्यातल्या त्यात सोपे आहे. मेकॅनिक ज्याला 'कार्बन धरला' म्हणतात तो म्हणजे अर्धवट जळलेल्या इंधनातून तयार झालेले, मिलिमीटरच्या काही लाखांश भागाएवढे कार्बनचे गोलसर कण आणि त्यांना चिकटलेले थोडे तेलकट पदार्थ. एक लिटर पेट्रोल जळाले की त्यातल्या हायड्रोजनपासून जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते. ते एरवी वाफ होऊन निघून जाते, पण गाडी रोज घरापासून बाजारापर्यंत आणि परत एवढीच फिरत असेल तर नळी पुरती तापतच नाही, वाफ आतल्या आत निवते आणि काजळीचा ओला लेप बसतो. कार्बनला पाणी धरवत नाही, म्हणून नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने तो निघत नाही. साबणाचा रेणू एका टोकाने तेलकटपणाला आणि दुसऱ्याने पाण्याला धरतो, म्हणून भांडी घासायचे द्रव, जुना टूथब्रश आणि मऊ फडके एवढ्यावर काम भागते. फक्त नळी पूर्ण थंड असली पाहिजे.

पुसण्याआधी तो काळेपणा एकदा बोटावर घेऊन पाहावा. कोरडी, भुरभुरीत काजळी पेट्रोल गाडीत थोडीफार असणारच. पण बोट चिकट, तेलकट झाले तर इंजिन ऑइल जळत असण्याची शक्यता धरून गाडी दाखवून घ्यावी. गाडीच्या धुरासाठीची बीएस-६ मानके लागू झाल्यापासून, म्हणजे १ एप्रिल २०२० नंतर विकल्या गेलेल्या बहुतेक डिझेल गाड्यांना काजळी अडवणारा फिल्टर असतो आणि त्यांचे टोक आतूनही बऱ्यापैकी स्वच्छ राहते. अशा गाडीच्या टोकाशी दाट काजळी दिसली तर पॉलिशऐवजी फिल्टरकडे लक्ष द्यायला हवे.

आता तो निळा पट्टा. स्टेनलेस स्टील म्हणजे किमान साडेदहा टक्के क्रोमियम मिसळलेले लोखंड. इंग्लंडमधल्या शेफिल्डचे हॅरी ब्रिअर्ली १९१३ साली बंदुकीच्या नळ्या तप्त वायूंनी झिजू नयेत म्हणून मिश्रधातू शोधत होते आणि त्यातून न गंजणारे पोलाद हाती लागले. तेच पोलाद आज इंजिनाचे तप्त वायू बाहेर टाकणाऱ्या नळीला वापरावे, हा योग मला गमतीचा वाटतो. या पोलादातले क्रोमियम हवेतला ऑक्सिजन घेऊन स्वतःवर अवघा दोन-तीन नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) जाडीचा ऑक्साइडचा थर चढवते. तो पारदर्शक असल्याने दिसत नाही, पण गंजाला तोच अडवतो. धातू तापला की थर जाड होऊ लागतो, त्यात लोखंडाचे ऑक्साइडही मिसळते आणि जाडी दहा-वीस पट झाली की प्रकाशाचा खेळ सुरू होतो.

पहिल्या पावसात पेट्रोल पंपासमोरच्या डबक्यावर रंगीत कडी दिसतात, तोच हा प्रकार आहे. थोडा प्रकाश थराच्या वरच्या पृष्ठावरून परततो, थोडा थर ओलांडून खालच्या धातूवरून परततो, आणि दोन्ही लाटा भेटतात तेव्हा थराच्या जाडीनुसार एखाद्या रंगाच्या लाटा एकमेकींना खोडतात आणि तो रंग मारला जातो. थर पातळ असताना निळा प्रकाश मारला जातो, म्हणून आपल्याला पिवळसर सोनेरी दिसते. थर आणखी वाढला की पिवळा-नारिंगी मारला जातो आणि उरतो तो निळा. म्हणजे ज्याला आपण डाग म्हणतो त्यात निळे असे कोणतेही द्रव्य नसते.

आठवडे बाजारात विळे-कुऱ्हाडी घेऊन बसणाऱ्या लोहाराला हे रंग पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत. पाणी दिलेले पाते घासून पुन्हा मंद तापवताना गवती पिवळा रंग आला की साधारण २२० ते २३० अंश झाले, निळा आला की ३०० च्या आसपास गेले, हे तो डोळ्यांनी ओळखतो आणि धार हवी की लवचिकपणा हवा त्याप्रमाणे थांबतो. स्टेनलेसमध्ये क्रोमियम थराची वाढ रोखून धरते, म्हणून तिथे पिवळा रंगच ३०० अंशांच्या पुढे-मागे उमटतो आणि निळ्याला त्याहून बरीच जास्त उष्णता लागते. किती वेळ तापले यावरही रंग ठरतो. मोटारसायकलचा इंजिनाला लागून असलेला बेंड पाइप लवकर निळा पडतो आणि कारचे टोक सावकाश, याचे कारण एवढेच की मागे येईपर्यंत धूर बराच निवलेला असतो.

हा पापुद्रा धातूला घट्ट बांधलेला असल्यामुळे साबण त्याचे काही करू शकत नाही. तो आम्लाने विरघळवावा लागतो किंवा बारीक पॉलिशने खरवडावा लागतो. घरातली चिंच तांब्या-पितळेवर चालते तशी इथे चालत नाही. फॉस्फोरिक किंवा ऑक्झॅलिक आम्ल असलेली, धातूसाठी म्हणून मिळणारी क्लीनर हातमोजे घालून, थोडा वेळच लावावीत आणि भरपूर पाण्याने धुवावीत. त्यानंतर हिरवे पॉलिश. भांडी आणि दागिने चमकवणाऱ्यांकडे मिळणाऱ्या या हिरव्या वडीत क्रोमियम ऑक्साइडच असते. पोलादाचे रक्षण करणारा आणि पोलाद घासून चमकवणारा पदार्थ एकच निघावा, याचे मला अजूनही नवल वाटते.

पण टोक खरे स्टेनलेसचे आहे का, हे आधी पाहावे. कित्येक टोके साध्या लोखंडावर निकेल आणि त्यावर क्रोम चढवलेली असतात आणि क्रोमचा तो थर बहुधा अर्ध्या मायक्रॉनहूनही कमी असतो. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉनचा. तिथे जोर लावून पॉलिश केले की चमकेऐवजी खालचे निकेल पिवळसर डोकावते. चुंबकाची परीक्षा इथे फसवी आहे, कारण सायलेन्सरला वापरल्या जाणाऱ्या स्वस्त स्टेनलेसमध्ये चुंबकीयपणा घालवणारे निकेल जवळजवळ नसते आणि त्यालाही चुंबक चिकटतो.

माझ्या तारेच्या घासणीचा हिशोब पावसाळ्यात चुकता झाला. घासणी साध्या लोखंडाची होती. तिचे कण ओरखड्यांत रुतून बसले आणि जुलैत घासलेल्या जागेवर तपकिरी ठिपके उमटले. ते काढायला एकाने संडासाचे अॅसिड सुचवले. त्यातले हायड्रोक्लोरिक आम्ल क्रोम तर खातेच, शिवाय क्लोराइडमुळे स्टेनलेसचा रक्षक थर फुटून धातूला सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही. अॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा पाण्यात भिजवून हलक्या हाताने घासली आणि ठिपके गेले. अॅल्युमिनियम क्रोमपेक्षा आणि पोलादापेक्षाही मऊ असल्याने नवे ओरखडे पडले नाहीत.

आमच्याकडचे बोअरचे पाणी जड आहे, तेव्हा धुतल्यावर टोक लगेच कोरडे पुसावे लागते. मेच्या उन्हात ते पाच मिनिटांत वाळते आणि क्षारांचे पांढरे ठिपके मागे ठेवते. ते लिंबाच्या फोडीने जातात. गाडीच्या बॉडीचे साधे मेण इथे टिकत नाही, कारण त्यातले कार्नोबा मेण ऐंशी-पंच्याऐंशी अंशांपाशीच वितळते.

निळा पट्टा मी शेवटी दिवाळीआधी हिरव्या पॉलिशने काढला. नळी आरशासारखी झाली, आणि नानांनीही वाकून पाहिली. मग चार माणसे आणि सामान घेऊन, एसी लावून चाळीसगावहून कन्नडचा घाट दोन-तीनदा चढलो, आणि आता तोंडामागे पुन्हा फिकट सोनेरी झाक दिसू लागली आहे.