जुनी आल्फा किती खाली बसवावी?

आल्फा रोमिओची जुलिया स्प्रिंट जीटी १९६३ साली आली. गाड्यांचे आकार घडवणाऱ्या बेर्तोने कंपनीकडे काम करणाऱ्या तरुण जुजारोने रेखाटलेली ही गाडी आजही देखणी दिसते. तरीही मूळ अवस्थेतल्या गाडीशेजारी उभं राहिलं की एक गोष्ट खटकते: चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये बरीच मोकळी जागा आहे. आजच्या नजरेला ती उंच वाटते. म्हणून शौकीन मंडळी गाडी हातात आल्यावर सर्वांत आधी तिला खाली बसवायच्या मागे लागतात. कोणी आखूड स्प्रिंगा घालतं, तर कोणी मूळ स्प्रिंगचाच एक वेढा कापून टाकतं. गाडी जितकी खाली तितकी वळणावर चिकटून जाणार, असा त्यांचा हिशोब असतो. तो अर्धाच खरा आहे, आणि उरलेल्या अर्ध्यामुळे कितीतरी चांगल्या गाड्या बिघडल्या आहेत.

खरा अर्धा भाग आधी पाहू. वळण घेताना आतल्या चाकांवरचं वजन बाहेरच्या चाकांवर सरकतं. किती सरकतं, हे गाडीचं वजन, वळणाचा जोर, गुरुत्वमध्याची उंची आणि डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर यांवर ठरतं. चालकासह १००० किलोची गाडी धरा, गुरुत्वमध्य ५० सेंटिमीटरवर, चाकांमध्ये १.३ मीटर अंतर, आणि वळणाचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या ०.७ पट. सुमारे २७० किलो वजन बाहेर सरकेल. आता गाडी ३ सेंटिमीटर खाली घ्या. आकडा होतो सुमारे २५३. म्हणजे फायदा झाला ६ टक्क्यांचा. तो खोटा नाही, पण एवढ्यासाठी आपण काय मोजतो ते पाहायला हवं.

या आल्फाच्या पुढच्या चाकांना वर एक आणि खाली एक अशा आर्मांनी धरलेलं असतं. प्रत्येक आर्मचं आतलं टोक बुशमध्ये, म्हणजे रबरी नळीत, फिरतं आणि बाहेरचं बॉल जॉइंटने चाकाच्या खुंटाला जोडलेलं असतं. बिजागरीवर फिरणाऱ्या दारासारखा आर्मही कमानीतच फिरतो. त्याचं बाहेरचं टोक सरळ वर जातच नाही. वरचा आणि खालचा आर्म सारख्या लांबीचे आणि समांतर नसतात, हे मुद्दाम केलेलं असतं. त्यांच्या रेषा वाढवल्या की त्या कुठेतरी एकमेकींना छेदतात. त्या बिंदूपासून टायर जमिनीला टेकतो तिथपर्यंत रेषा काढली, की ती गाडीच्या मधल्या उभ्या रेषेला जिथे कापते ते रोल सेंटर. वळणावर गाडीचं अंग या बिंदूभोवती कलतं. कलण्याचा जोर गुरुत्वमध्य आणि रोल सेंटर यांच्यातल्या अंतरावर ठरतो. अंतर जास्त, तर कलणं जास्त.

गोम इथेच आहे. आखूड स्प्रिंग घातली की आर्मांची आतली टोकं गाडीबरोबर खाली येतात, पण बाहेरची टोकं चाकाला बांधलेली असल्यामुळे होती तिथेच राहतात. खालचा आर्म बाहेरच्या बाजूला वर चढलेला दिसू लागतो. दोन्ही आर्मांचे कोन बदलले की त्यांच्या रेषांचा छेदही हलतो, आणि अशा मांडणीत रोल सेंटर गाडीपेक्षा वेगाने खाली जातं. समजण्यापुरते आकडे घेऊ: गुरुत्वमध्य ५० वर आणि पुढचं रोल सेंटर ५ वर असेल, तर अंतर ४५ सेंटिमीटर. गाडी ३ ने उतरली आणि रोल सेंटर ७ ने उतरून जमिनीच्या २ सेंटिमीटर खाली गेलं, तर अंतर ४९ होतं. गाडी खाली आली आणि कलण्याचा जोर वाढला!

मग मालकाला ती कमी कलणारी का वाटते? कारण स्प्रिंग कडक झालेली असते. स्प्रिंगचे आठ वेढे असतील आणि एक कापला, तर ती साधारण १४ टक्क्यांनी कडक होते. गाडी सुधारली असं जे वाटतं ते श्रेय बहुतेक या कडकपणाचं असतं, आणि ते उंचीच्या नावावर जमा होतं. तोच कडकपणा मूळ उंचीला, थोड्या जाड अँटी-रोल बारने, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडून कलणं रोखणाऱ्या दांड्याने, मिळवता आला असता. माझं स्पष्ट मत आहे की रस्त्यावर चालवायच्या गाडीसाठी तोच मार्ग बरा.

बाकीचे तोटे हळूहळू जाणवतात. वळणावर बाहेरचं चाक वर दबतं तेव्हा त्याचा माथा थोडा आत झुकावा, म्हणजे टायरचा पूर्ण पट्टा रस्त्यावर राहतो. आर्म आपल्या कमानीच्या चुकीच्या भागात फिरू लागला की हे झुकणं अपुरं पडतं, आणि टायर बाहेरच्या कडेवर रेटला जातो. स्टिअरिंगच्या टाय रॉडची, म्हणजे चाक वळवणाऱ्या दांड्याची, कमान आर्मच्या कमानीशी जुळवलेली असते. तो मेळ बिघडला की प्रत्येक खड्ड्यात चाकं आपोआप थोडी वळतात, आणि सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग सतत सावरत राहावं लागतं. शिवाय चाकाला वर जायला जागा कमी उरते. भर वळणात सस्पेन्शन रबरी बम्प स्टॉपवर आदळलं, तर स्प्रिंग जणू नाहीशीच होते: त्या कोपऱ्यावरचा भार एकदम वाढतो, पकड सुटते, आणि गाडी नाक सरळ धरून वळणाबाहेर निघते.

उंची कमी करण्याचा एक मार्ग मात्र हे काहीच बिघडवत नाही. पुढे याच घराण्यात आलेल्या १७५० जीटीव्हीला १४ इंची चाकांवर १६५ मिलिमीटर रुंदीचे, उंच कडांचे टायर होते. व्यास साधारण ६२६ मिलिमीटर. त्यांच्या जागी १८५/६० मापाचे, बुटक्या कडांचे टायर घातले तर व्यास सुमारे ५७८ होतो. गाडी २४ मिलिमीटर खाली येते आणि आर्मांचे कोन जराही हलत नाहीत, कारण चाकाच्या मध्यासकट सगळंच खाली आलेलं असतं. किंमत वेगळीकडे मोजावी लागते: स्पीडोमीटर सुमारे ८ टक्के जास्त वेग दाखवतो आणि इंजिन त्याच वेगाला जास्त फिरतं. पण म्हणूनच मडगार्डपासून जमिनीपर्यंत टेप लावून काढलेली उंची सस्पेन्शनबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. गाडीखाली वाकून खालच्या आर्मचा कोन पाहावा.

शर्यतीसाठी गाडी खाली घ्यावीच लागते, आणि तिथे आल्फाच्या माणसांनी काय केलं ते पाहण्यासारखं आहे. १९६५ साली जीटीए आली. बाहेरून तीच गाडी, पण पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा आणि वजन ७४५ किलोच्या आसपास. शर्यतीच्या गाड्या इंजिनिअर कार्लो किती यांच्या आउटोडेल्टा या आल्फाच्या शर्यत-विभागाने तयार केल्या. साध्या गाडीत मागचा एक्सेल डावी-उजवीकडे हलू नये म्हणून त्याला डिफरन्शियलच्या (एक्सेलच्या मधल्या दात्यांच्या पेटीच्या) वरच्या बाजूला एका आर्मने धरलेलं असतं, त्यामुळे मागचं रोल सेंटर बरंच उंच पडतं. उंच रोल सेंटरमुळे मागचं आतलं चाक लवकर हलकं होतं, आणि इंजिनाची ताकद नेमकी मागच्या चाकांकडे जाते. आउटोडेल्टाने ही धरण्याची जागाच खाली नेली: एक्सेलच्या खालच्या बाजूला, उभ्या खाचेत वर-खाली सरकणारा ठोकळा बसवला. एक्सेलला वर-खाली हलता येतं, आडवं सरकता येत नाही, आणि रोल सेंटर जमिनीजवळ येतं. त्या काळच्या छायाचित्रांत जीटीए वळणावर पुढचं आतलं चाक हवेत उचलून धावताना दिसते. मागची दोन्ही चाकं मात्र रस्त्यावर घट्ट असतात. १९६६ आणि १९६७ च्या युरोपियन टूरिंग कार स्पर्धांमध्ये या गाड्यांनी वर्चस्व गाजवलं. उंची बदलली तेव्हा त्यांनी भूमितीही बदलली, हे मला त्यांच्या कामातलं सगळ्यात मोठं वाटतं. आज पुढच्या बाजूसाठी बॉल जॉइंट खाली सरकवणारे सुटे भाग मिळतात, त्यांच्यामागे हाच विचार आहे.

मूळ उंची आळसातून ठरलेली नव्हती. बोलोन्या आणि फिरेंझे यांच्यामधल्या फुता आणि रातिकोझा घाटांतून १९५७ पर्यंत मिल्ये मिल्या ही रस्त्यावरची शर्यत धावत असे. सिसिलीत तार्गा फ्लोरियो शर्यतीची ७२ किलोमीटरची फेरी मादोनिए डोंगरांतल्या साध्या गावरस्त्यांवरून जाई. अशा रस्त्यांवर चाकाला वर-खाली जायला भरपूर वाव लागतो. जास्त वेगात तर उंचीचा खेळ हवेच्या हातात जातो. १९६६ च्या लॅम्बोर्गिनी मिउराचं नाक वेगात हलकं व्हायचं, आणि पेट्रोलची टाकी पुढे असल्याने इंधन संपत जाई तसं ते आणखी वर येई.

जुन्या गाडीची उंची तपासताना आधी स्प्रिंग पाहावी. आपल्याकडे गॅरेजमध्ये ‘स्प्रिंग बसली’ म्हणतात ते बरोबरच आहे. कुर्ल्याला बनणाऱ्या पद्मिनीच्या, म्हणजे मूळच्या फियाट ११००च्या, मागच्या पाट्यांनाही हेच व्हायचं. स्प्रिंग वयाने मऊ होत नाही. तिचा कडकपणा तारेची जाडी, वेढ्यांचा व्यास आणि संख्या, आणि पोलादाचा गुण यांवर ठरतो, आणि यातलं काहीच वर्षांनी बदलत नाही. बदलते ती लांबी. म्हणून बसलेल्या स्प्रिंगखाली योग्य जाडीचं पॅकिंग दिलं, की गाडी मूळ उंचीला येऊ शकते. आल्फाच्याच १९७२ च्या आल्फेट्टात पुढे कॉइल स्प्रिंगच्या जागी टॉर्शन बार, म्हणजे पिळले जाऊन स्प्रिंगचं काम करणारे दांडे, आहेत. तिथे बारचं टोक दात्यांवर फिरवून बसवलं की उंची बदलते. मोजमाप घेताना टायरमध्ये हवा बरोबर असावी, कारखान्याच्या पुस्तकात सांगितलेलं वजन गाडीत ठेवलेलं असावं, आणि जॅकवरून उतरवल्यावर गाडी थोडी पुढे-मागे फिरवून घ्यावी, कारण चाकं आडवी अडकलेली असतात तोवर ती खोटी उंच दिसते.

आर्मांचे रबरी बुश नवे घातले असतील तर त्यांचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना कधीच पक्के आवळू नयेत. तसं केलं की रबर त्या लटकत्या कोनातच धरलं जातं, गाडी खाली ठेवल्यावर पिळलं जातं, तिला वर ढकलत राहतं आणि लवकर फाटतं. चारही चाकं जमिनीवर, ठरलेलं वजन आत, गाडी आपल्या उंचीला आलेली, आणि मग पाना.