सभागृहात बोललेलं आणि पत्रकात छापलेलं

अधिवेशन चालू असलं की आपल्याकडे एक आव्हान हमखास ऐकू येतं : 'हिंमत असेल तर हेच सभागृहाबाहेर बोलून दाखवा!' ऐकणाऱ्याला ती नुसती शाब्दिक चकमक वाटते, पण तिच्यामागे कायदा आहे. आमदार सभागृहात जे बोलतो त्याबद्दल त्याला कोर्टात खेचता येत नाही. हे संरक्षण राज्यघटनेच्या कलम १९४ ने दिलं आहे. खासदारांसाठी ते कलम १०५ मध्ये आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेतही, पहिल्या अनुच्छेदाच्या सहाव्या कलमात, सिनेटर आणि प्रतिनिधींना, म्हणजे तिथल्या संसदेच्या (काँग्रेसच्या) दोन सभागृहांच्या सदस्यांना, असंच संरक्षण आहे : सभागृहातल्या भाषणाबद्दल वा चर्चेबद्दल त्यांना दुसरीकडे कुठेही जाब विचारता येणार नाही.

गोंधळ पुढे सुरू होतो. सिनेटर एखाद्या सरकारी खात्यावर तुटून पडतो, तेच भाषण त्याचं कार्यालय प्रसिद्धीपत्रक म्हणून वाटतं, मतदारांना पाठवायच्या वार्तापत्रातही तेच छापलं जातं. माणूस तोच, वाक्यंही तीच. मग संरक्षणही तेच असणार, असं बहुतेकांना वाटतं. एकेकाळी अमेरिकेतल्या खालच्या कोर्टांनाही तसंच वाटलं होतं.

विल्यम प्रॉक्समायर हे विस्कॉन्सिनचे डेमोक्रॅट सिनेटर. करदात्यांचा पैसा कुठे मुरतो हे शोधण्याचा त्यांना ध्यास होता. १९७५ च्या मार्चपासून त्यांनी दर महिन्याला एक 'गोल्डन फ्लीस' पुरस्कार जाहीर करायला सुरुवात केली. फ्लीस म्हणजे मेंढीची लोकर, आणि इंग्रजीत त्याचा दुसरा अर्थ लुबाडणं. जनतेची लोकर कातरणाऱ्या सरकारी खात्यासाठी हा पुरस्कार. पहिलाच मिळाला विज्ञान-संशोधनाला अनुदान देणाऱ्या नॅशनल सायन्स फाउंडेशन या सरकारी संस्थेला, माणसं प्रेमात का पडतात याच्या अभ्यासासाठी ८४ हजार डॉलर दिल्याबद्दल.

पुढच्याच महिन्यात पाळी आली रोनाल्ड हचिन्सन यांच्या संशोधनाची. मिशिगनमधल्या कॅलमझू इथल्या सरकारी मनोरुग्णालयात ते संशोधनप्रमुख होते. त्रास दिल्यावर माकडं जबडा कसा आवळतात, त्यावरून आक्रमकता मोजता येते का, हा त्यांचा विषय. अनुदान देणाऱ्यांत नासा आणि नौदलाचं संशोधन कार्यालय होतं, आणि त्यांच्या दृष्टीने प्रश्न अगदी व्यवहाराचा होता : अंतराळात किंवा समुद्राखाली माणसं दीर्घकाळ एकत्र कोंडली गेली तर काय होईल? प्रॉक्समायरना त्यात फक्त माकडं दिसली. पुरस्कार खात्यांना होता, पण टिंगल झाली हचिन्सन यांची. या डॉक्टरने माकडांच्या जिवावर पैसा केला आणि करदात्यालाच माकड बनवलं, अशा आशयाचं भाषण तयार झालं. जवळपास तोच मजकूर प्रसिद्धीपत्रक म्हणून देश-परदेशातल्या २७५ पत्रकार-संपादकांकडे गेला. सुमारे एक लाख लोकांना जाणाऱ्या वार्तापत्रातही पुरस्काराची हकिगत आली.

हचिन्सन यांनी अब्रूनुकसानीचा दावा लावला. खालच्या दोन्ही कोर्टांचं म्हणणं पडलं की जनतेला माहिती देणं हे सिनेटरचं कामच आहे, तेव्हा पत्रकही संरक्षणात येतं; अपील कोर्टाने वार्तापत्रालाही तेच संरक्षण दिलं. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे फिरवलं. मुख्य न्यायमूर्ती वॉरेन बर्गर यांच्या निकालाचा गाभा असा : सिनेटमध्ये केलेलं भाषण पूर्ण सुरक्षित, कारण ते कायदे करण्याच्या कामाचा भाग आहे. पत्रक आणि वार्तापत्र त्या कामाला आवश्यक नाही. ते काढलं नसतं तरी सिनेटचं काही अडलं नसतं.

या निकालपत्रातला एक तपशील मला फार बोलका वाटतो. आपण ते भाषण सिनेटमध्ये उभं राहून खरंच केलं की नुसतं काँग्रेसच्या अधिकृत नोंदीत घातलं, हे प्रॉक्समायरना नक्की आठवत नव्हतं. न्यायालयाला त्याने फरक पडला नाही. त्या मुद्द्यावर निर्णय न देताच, नोंदीत घातलेला मजकूरही बोलल्यासारखाच सुरक्षित आहे असं त्याने धरून चाललं. म्हणजे रेषा तोंडी आणि छापील यांच्यामध्ये नाहीच. काँग्रेसने चौकशी करून स्वतः माहिती घेणं एका बाजूला, आणि एकट्या सदस्याने ती बाहेर वाटणं दुसऱ्या बाजूला.

हीच रेषा सात वर्षं आधी मोठ्या धोक्याच्या प्रसंगात आखली गेली होती. अलास्काचे सिनेटर माइक ग्रॅव्हल यांनी २९ जून १९७१ च्या रात्री एका उपसमितीची बैठक बोलावली आणि व्हिएतनाम युद्धाचे गोपनीय 'पेंटॅगॉन पेपर्स' मोठ्याने वाचून नोंदीत घातले. ती उपसमिती होती सरकारी इमारती आणि मैदानांची. तरी बैठक ती बैठकच, त्यामुळे वाचन सुरक्षित. पण तेच कागद खासगी प्रकाशकाकडून पुस्तकरूपात काढायची व्यवस्था सुरक्षित नाही, असा ५ विरुद्ध ४ असा निकाल बरोबर एका वर्षाने लागला. युद्धाबद्दल जनतेपासून दडवलेलं उघड करणारा माणूस इथे अर्धाच झाकला गेला, याचं मला आजही वाईट वाटतं. तरीही रेषा योग्य जागी आहे असंच मी म्हणेन. सिनेटमध्ये सिनेटर चुकला तर समोर उत्तर देणारे दुसरे सिनेटर बसलेले असतात. एक लाख घरांत गेलेल्या वार्तापत्राला मनोरुग्णालयातला एक संशोधक काय उत्तर देणार?

हचिन्सन यांचा दावा शेवटी १० हजार डॉलरच्या तडजोडीवर मिटला. पुरस्कार प्रॉक्समायर निवृत्त होईपर्यंत चालू राहिले, आणि त्यातल्या कित्येकांनी खरी उधळपट्टी उजेडात आणली हेही खरंच.

एवढं वाचून कोणी म्हणेल की आजचा सिनेटर एक्सवर (पूर्वीच्या ट्विटरवर) लिहिताना उघडा पडतो. तसं नाही, आणि इथे आणखी एक सरमिसळ होते. १९८८ मध्ये अमेरिकेत वेगळाच कायदा आला : फेडरल म्हणजे केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याने नोकरीच्या कक्षेत केलेल्या कृतीबद्दल दावा लागला, तर त्याच्या जागी सरकार प्रतिवादी होतं. काँग्रेसचे सदस्यही त्या व्याख्येत बसतात. आणि अब्रूनुकसानीसाठी सरकारवर दावा चालत नाही, त्यामुळे दावा तिथेच संपतो. वॉशिंग्टनमधल्या जानेवारी २०१९ च्या एका प्रसंगावरून केंटकीच्या काही विद्यार्थ्यांनी सिनेटर एलिझाबेथ वॉरन आणि प्रतिनिधी डेब हालंड यांच्यावर ट्वीटसाठी दावा केला. २०२० मध्ये तो अपील कोर्टात याच कारणाने टिकला नाही. ट्वीट म्हणजे सभागृहातलं भाषण, असं तिथे कोणी ठरवलं नाही. मतदारांशी बोलणं हा सदस्याच्या नोकरीचा भाग, एवढंच ठरलं. राज्यघटनेने नाकारलेली ढाल साध्या कायद्याने मागच्या दाराने हातात आली, आणि मला हे मनापासून खटकतं. हचिन्सन आज कोर्टात गेले असते, तर ते १० हजार डॉलरही बहुधा मिळाले नसते.